पाणी टाका, पुढे चला

महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या कोणत्याही गाडीची डिकी उघडून पाहा. स्टेपनीत हवा असेल-नसेल, जॅक चालेल-न चालेल, पण पाण्याचा कॅन हमखास सापडतो. एके काळी इंजिन ऑइलचा असलेला आणि बुडाशी अजून काळपट थर राखून असलेला हा पाच लिटरचा कॅन आपल्या वाहनसंस्कृतीचा आधारस्तंभ आहे. त्याच्याविषयी आजवर कोणी कृतज्ञतेचे चार शब्द लिहिले नाहीत, ही उणीव भरून काढायला हवी.

एप्रिल-मे महिन्यांत, ऐन लग्नसराईत, कसारा, कुंभार्ली किंवा बोरघाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत रस्ता साडेपाचशे मीटरांच्या आसपास चढतो. एसी चालू असतो, गाडीत माणसं आणि आहेराच्या पिशव्या खच्चून भरलेल्या असतात आणि पुढचा कंटेनर रांगत असतो. एखादा परका माणूस हे दृश्य पाहून हळहळेल. आपण हळहळत नाही, कारण आपली कार्यपद्धती ठरलेली आहे. गाडी तापली की थांबायचं, पाणी टाकायचं आणि पुढे चालायचं. या क्रमात आणखी एक पायरी सहज बसली असती. टाकलेलं पाणी गेलं कुठे, हे विचारण्याची. ती आपण विचारपूर्वक गाळली आहे. तहानलेल्याला पाणी द्यावं, त्याने ते कुठे सांडलं याची चौकशी करू नये, हे आपले संस्कार गाडीलाही लागू आहेत.

गाडी बनवणाऱ्यांचा दृष्टिकोन मात्र वेगळा, म्हणजे जरा संकुचित आहे. त्यांच्या मते इंजिनाभोवतीचं पाणी बंद वाटेने फिरतं. पंप ते ब्लॉकमधून आणि हेडमधून ढकलतो, तापलेलं पाणी वरच्या होजने रेडिएटरमध्ये येतं, तिथे वाऱ्यावर निवतं आणि खालच्या होजने परत इंजिनात जातं. गरम झाल्यावर जे थोडं फुगतं ते बाजूच्या बाटलीत जातं आणि इंजिन गार झालं की परत ओढलं जातं. त्यामुळे ते कमी होण्याचं कारणच नाही, असं त्यांचं म्हणणं. आठवड्याला अर्धा लिटर पाणी लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय किंवा आतल्या आत जळतंय. इतकं सरळ गणित सामान्य माणसासमोर मांडणं म्हणजे त्याच्या श्रद्धेवर घाला घालणं आहे. आपल्या गाडीमालकाची साधी धारणा असते, की जुनी गाडी आहे, पाणी पिणारच. माणूसही म्हातारपणी जास्त पाणी पितो, असं वर सांगितलं जातं. हे माणसाच्या बाबतीतही फारसं खरं नाही, परंतु विधानातली आपुलकी वाखाणण्यासारखी आहे.

काही उपद्रवी मेस्त्री मात्र अजूनही शोध घेत बसतात. ते गाडी रात्रभर उभी करून सकाळी गार इंजिन पाहतात. खाली पुठ्ठा ठेवतात आणि डाग कुठे पडला ते बघतात. होज हाताने दाबून पाहतात. तो पिलपिला झालाय का, क्लॅम्पजवळ फुगलाय का, टोकाला चीर गेलीय का, हे तपासतात. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी मुद्दाम तिथूनच झिरपावं म्हणून ठेवलेलं. त्या भोकाखाली पांढरट किंवा हिरवट ओघळ दिसतो का, हे पाहायला ते आरसा आणि बॅटरी घेऊन वाकतात. डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं आहे का आणि काचेवर चिकट, गोडसर वासाचं धुकं येतं का, असं विचारून ते हीटरच्या जाळीवरही संशय घेतात. काहींकडे तर हातपंपासारखं एक उपकरण असतं. ते रेडिएटरच्या तोंडावर बसवून झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघत राहतात. दाब उतरला तर गळती नक्की, आणि बहुतेक वेळा जिथून गळतं तिथे पाणी स्वतःच डोकावतं. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि शेवटी पुष्कळदा बदलावा लागतो तो एक क्लॅम्प किंवा रबराचा तुकडा. अर्ध्या-पाऊण तासात वर्षानुवर्षांचं नातं तोडून टाकणारी ही पद्धत आपल्या समाजात रुजली नाही, याबद्दल बहुसंख्य गॅरेजांचे आभार मानले पाहिजेत.

पाणी कोणतं टाकावं, याबाबतही आपण उदार आहोत. बोअरचं, टाकीचं, हॉटेलमधल्या पिंपातलं, ओढ्याचं, सगळं चालतं. कूलंट नावाचा हिरवा किंवा लाल द्रव विकत घ्यायला सांगणाऱ्यांना आपल्याकडे एक बिनतोड उत्तर आहे: इथे काय बर्फ पडतोय? गोठू नये म्हणून टाकायची ती वस्तू, ती युरोपात लागते, नागपुरात कशाला? या युक्तिवादाचं सौंदर्य असं, की त्याचा पूर्वार्ध अगदी बरोबर आहे. नागपुरात इंजिनातलं पाणी गोठत नाही. तिथे ते उकळतं. समुद्रसपाटीला साधं पाणी 100 अंशांना उकळतं आणि निम्मं ग्लायकॉल मिसळलेलं पाणी सुमारे 107 अंशांना. झाकण धड असेल आणि त्याने आपला दाब धरून ठेवला, तर हेच मिश्रण सव्वाशे अंशांपर्यंत द्रव राहतं. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि आपल्या हवेत खरी गरज त्यांचीच. ती नसली की बिडाचा ब्लॉक आतून गंजतो, अॅल्युमिनियमचं हेड खड्डे पडून खरवडलं जातं आणि बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसत जातात. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर पाहून आपण प्लंबरला बोलावतो. गाडीत तोच थर दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टींबाबत आपण नेहमीच समंजस असतो.

गळती थांबवण्याच्या बाबतीत आपण स्वयंपाकघराचं सहकार्य घेतलं, हा तर अभिमानाचा विषय आहे. रेडिएटरला बारीक भोक पडलं की त्यात हळद टाकायची, ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती काही वेळ उपयोगी पडते, हे नाकारता येणार नाही. हळदीची भुकटी पाण्याबरोबर फिरते, भोकाशी अडकते, फुगते आणि पाणी थांबतं. आडरानात अडकलेल्या माणसाला गावापर्यंत पोचवायला एवढं पुरतं. मात्र हळद निःपक्षपाती आहे. गळणारं भोक कोणतं आणि पाणी वाहण्यासाठी ठेवलेली नळी कोणती, हा भेद ती करत नाही. बाजारात मिळणारी गळतीबंद पावडरही याच समतेच्या तत्त्वावर काम करते. गावात पोचल्यावर रेडिएटर धुवून घ्यावा आणि भोकाला डाग द्यावा, असं जुने जाणते ड्रायव्हर सांगत. आपण हळद टाकण्याचा पूर्वार्ध तेवढा परंपरा म्हणून जपला आणि हा उत्तरार्ध विसरलो. म्हणून आज अनेक रेडिएटरांच्या तळाशी हळद, गंज आणि क्षार यांचा पिवळट-तपकिरी गाळ साचलेला असतो, आणि गाडी तापतेच का, हे कोडं मालकाला सुटत नसतं.

परंतु आपल्या गॅरेजांची सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असं विचारलं तर थर्मोस्टॅटचं नाव घ्यावं लागेल. मेणाच्या गोळीवर चालणारी ही मुठीत मावणारी झडप आहे. इंजिन गार असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी 82 ते 88 अंशांच्या आसपास पोचलं की उघडू लागते. जुनी झाली की कधी कधी ती बंद अवस्थेत अडकते आणि गाडी तापते. ती अडकलीय की नाही, हे ओळखायला ती पातेल्यात तापत्या पाण्यात सोडून बघितली तरी पुरतं. उघडली नाही तर नवी बसवायची. आपण याहून मूलगामी तोडगा काढला: झडपच काढून टाकायची. “आपल्याकडे लागत नाही,” हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने उच्चारलं जातं, की वर्षानुवर्षं ही झडप आराखड्यात ठेवणाऱ्या अभियंत्यांची कीव यावी. झडप गेली की इंजिन सकाळी लवकर तापत नाही, जरुरीपेक्षा गार चालत राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये चिकटा साचतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर हीच झडप उघडताना शेजारची आडवाट बंद करत असते. ती काढली की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेनेच इंजिनात परततं, म्हणजे तापू नये म्हणून केलेल्या उपायानेच गाडी अधिक तापते. अशा वेळी गाडी पुन्हा गॅरेजला येते आणि तिथला रोजगार टिकून राहतो. सेन्सर बिघडला की पंखा बॅटरीवर डायरेक्ट करून देणं, हाही याच विचारसरणीचा धाकटा भाऊ. त्यावर वेगळं लिहायला नको.

आता काट्याविषयी. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा ही आपल्या वाहनांतली सर्वांत सहिष्णू वस्तू आहे. तो मधल्या रेषेच्या वर गेला तर आपण म्हणतो, घाट आहे, चढणारच. लाल पट्ट्याला टेकला तर म्हणतो, मीटर खराब आहे. आणि मग एक क्षण असा येतो, की काटा अचानक खाली येतो आणि गाडीत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. इथे वाचकांना एक गोष्ट सांगणं कर्तव्य आहे. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तेव्हाच तो खरं सांगू शकतो. पाणी त्याच्या खाली उतरलं, की त्याच्याभोवती हवा आणि वाफ उरते आणि तो कमी तापमान दाखवू लागतो. म्हणजे ज्या घटकेला काटा आपल्याला निश्चिंत करतो, नेमक्या त्याच घटकेला इंजिन कोरडं पडलेलं असू शकतं. हीटर चालू केल्यावर गरम हवेऐवजी गार हवा येऊ लागली, तरी अर्थ तोच. आनंदाची बातमी आणि सर्वनाश एकाच काट्याने, एकाच दिशेने कळवण्याची ही व्यवस्था आपल्या सार्वजनिक जीवनाला साजेशीच आहे.

यापुढचा टप्पा वीरांचा. गाडी घाटात थांबली, बॉनेट उघडलं, आणि गाडीतला सर्वांत कर्तबगार पुरुष खिशातला रुमाल काढून रेडिएटरच्या झाकणाकडे निघाला. या धाडसाचं मोल नीट कळावं म्हणून थोडा हिशेब मांडतो. झाकणावर 0.9 असा आकडा असेल, तर आतला दाब बाहेरच्या हवेहून जवळजवळ एका वातावरणाने जास्त असतो आणि साधं पाणीसुद्धा 118 अंशांपर्यंत न उकळता थांबलेलं असतं. समजा, आत 110 अंशांचं चार लिटर पाणी आहे. झाकण फिरलं, दाब सुटला, की त्यातलं जेमतेम दोन टक्के पाणी तत्क्षणी वाफ होतं. परंतु पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं. म्हणजे तेवढ्या ऐंशी-एक ग्रॅम पाण्याला एकदम शंभर लिटरांहून अधिक जागा हवी असते, आणि ती जागा रुमालधारी वीराच्या चेहऱ्यापाशीच उपलब्ध असते. वाफेबरोबर उकळतं पाणीही उसळतं. ते हातावर, छातीवर, डोळ्यांवर येतं, आणि अनेकदा बाबा काय करतात हे पाहायला शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मुलावरही. वाफेने भाजणं उकळत्या पाण्याने भाजण्याहून वाईट, कारण कातडीवर निवताना ती आपली सगळी लपलेली उष्णता तिथेच सोडते. एवढं सगळं, अर्धा तास थांबायला नको म्हणून. वेळेची किंमत जाणणाऱ्या समाजात याहून मोठा त्याग कोणता असणार!

यातून वीर सुखरूप निभावला, तर कॅनमधलं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतण्याचा सोहळा होतो. अनेक जुन्या इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं असतं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टांनी जखडलेलं हेड मग वाकतं आणि वरून गार पाण्याचा धक्का बसला तर त्याला तडाही जातो. लहान इंजिनांमध्ये हेडचा वाकडेपणा मोजायची मर्यादा साधारण 0.05 मिलिमीटर असते, डोक्याच्या केसाहून कमी. त्याहून जास्त वाकलं की मधलं गॅस्केट धरत नाही. मग जळता वायू पाण्यात शिरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये. रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागतात, गार गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज ताठ होतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि थांबत नाही, ऑइलची काडी पुसली तर ऑइल दुधट दिसतं. स्पार्क प्लग काढून पाहिले तर एक प्लग बाकीच्यांपेक्षा लख्ख धुतलेला सापडतो. ही लक्षणं ओळखायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. त्यामुळे आपण ती ओळखली तरी “थंडीमुळे धूर येतो” असं म्हणून आणखी महिनाभर गाडी चालवतो, ही आपल्या संयमाची खूण मानावी लागेल. कारण दोनशे रुपयांच्या होजचं काम तिथून पुढे हेड उतरवणं, फेसिंग मारणं, गॅस्केटचा संच, ऑइल, फिल्टर आणि नशीब वाईट असेल तर पूर्ण इंजिन इथवर वाढतं. छोट्या खर्चाला मोठा होण्याची संधी मिळावी, यासाठी तेवढा धीर धरावाच लागतो.

इथे पर्यावरणाची आठवण होते. गाडी पंधरा वर्षांची झाली की आपण फेरनोंदणी करतो आणि पर्यावरण कर भरतो. कराची पावती जपून ठेवतो, आणि त्याच गाडीतून गळणारं किंवा मेस्त्रीने उपसलेलं कूलंट गॅरेजसमोरच्या गटारात जाऊ देतो. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जहर असतं. कुत्रं ते चाटतं, लहान मूलही चाखू शकतं. आपण कर भरलेला असल्यामुळे आपली जबाबदारी संपली, असा अर्थ लावायला कोणाचीच हरकत दिसत नाही.

या परंपरेचा कळस गाडी विकताना गाठला जातो. गिऱ्हाईक येण्याच्या दिवशी सकाळीच रेडिएटर काठोकाठ भरायचा, बाटलीत हिरवं कूलंट दिसेल एवढं ओतायचं, इंजिन पुसून चकचकीत करायचं आणि गाडी आधीच तापवून ठेवायची, म्हणजे गार इंजिन चालू होताना काय सांगतं ते ऐकायला कोणी नको. मग “एकहाती गाडी, कधी त्रास नाही” असं म्हणून चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची. घेणारा बहुतेक वेळा पहिल्यांदा गाडी घेणारा असतो. कर्ज काढून, घरच्यांना घेऊन तुळजापूरला किंवा कोकणात जायचं ठरवून आलेला. पाण्याचा कॅन मात्र आपण त्याला डिकीत ठेवून फुकट देतो. या दानशूरपणाची नोंद घेतलीच पाहिजे.

असं असूनही काही मेस्त्री अजून जुन्या वाईट सवयी सोडत नाहीत. गाडी दारात आली की पाना उचलण्याआधी ते प्रश्न विचारतात. सिग्नलला उभी असताना तापते, की पळताना? उभ्यानेच तापत असेल आणि वेग घेतला की निवत असेल, तर ते पंखा, त्याचा बेल्ट, रिले आणि एसीच्या जाळीत अडकलेला पाला बघतात. हायवेवर किंवा चढावरच तापत असेल, तर रेडिएटर बुजलाय, पंपाची पाती झिजलीत किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतोय, असं धरतात. वरचा होज चटका देणारा आणि खालचा गार असेल, तर थर्मोस्टॅट उघडलेला नाही किंवा रेडिएटर तुंबलाय. पाणी कमी होतं पण थेंब कुठेच दिसत नाही, तर ते न बोलता स्पार्क प्लग काढायला घेतात. आणि सर्वांत आधी काय बदलतात? पुष्कळदा झाकण. त्याचं रबर कडक झालं, स्प्रिंग मंदावली की ते दाब धरत नाही आणि बाकी सगळं धड असूनही पाणी बाटलीतून उतू जातं. दीडशे-दोनशे रुपयांचं झाकण बदलून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा हा माणूस धंदा कसा करतो, हे आपल्याला कळत नाही. पण त्याच्या दारात रिक्षावाले, टेंपोवाले आणि ज्यांचं पोट गाडीवर आहे असे लोक रांग लावतात, ही वस्तुस्थिती आहे.

असा मेस्त्री तुमच्या गावात असेल, तर त्याच्याकडे जा आणि पाणी कुठे जातंय हे त्याला शोधू द्या. त्याला लागेल तेवढा वेळ आणि मागेल तेवढी मजुरी द्या. आणि तोवर कधी घाटात गाडी तापलीच, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, बाजूला घेऊन इंजिन बंद करा, मुलांना बॉनेटपासून लांब उभं करा. अर्धा-पाऊण तासाने वरचा होज फडक्यावरून दाबून पाहा. तो गरम किंवा ताठ लागत असेल, तर लग्नाचा मुहूर्त टळला तरी चालेल, झाकणाला हात लावू नका.